एका फळीची अनेक रूपे : ‘बोर्ड’ या शब्दाविषयी

गेल्या जून महिन्यातील प्रसंग आहे. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर मी गारगोटीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक वयस्क माउली आणि तिचे बोट धरून नऊ-दहा वर्षांची नात. फलाटाला गाडी लागली की माउली विचारी, “बघ गं, बोर्ड काय हाय?” आणि नात टाचा उंचावून वाचून सांगे, “राधानगरी. आपली न्हवं.” मी नातीचे कौतुक केले, तेव्हा माउलीची कळी खुलली. “हुशार हाय बाई पोरगी. औंदा बोर्डिंगात घालायची म्हंतोय. धाव्वीच्या बोर्डाला नंबर काढंल बगा.”

दोन मिनिटांत त्या माउलीने एकच इंग्रजी शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला आणि तिन्ही वेळा अचूक वापरला. ती एक दिवसही शाळेत गेलेली नव्हती. मी मात्र इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेऊन, अनेक वर्षे फळ्यासमोर उभी राहूनही, गाडीवरची पाटी, मुलांचे वसतिगृह आणि दहावीची परीक्षा यांना एकच शब्द का, असा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. त्या संध्याकाळी घरी येऊन शब्दकोश उघडला. जे हाती लागले ते आपल्यासारख्या निवासी शाळेच्या इतिहासाशी इतके निगडित आहे की, या स्मरणिकेच्या निमित्ताने ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांसमोर मांडावे असे वाटले.

घराघरातले बोर्ड

आधी आपल्या रोजच्या वापराकडे पाहू. घरात शिरताच भिंतीवर विजेच्या बटणांचा बोर्ड असतो. सुट्टीत मुले कॅरमबोर्ड मांडतात. दुकानावर बोर्ड असतो, एस.टी.वर बोर्ड असतो, शाळेच्या व्हरांड्यात नोटीस बोर्ड असतो आणि शिष्यवृत्तीची यादी ‘बोर्डावर लागते’. हे सारे बोर्ड डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे.

दुसऱ्या प्रकारचे बोर्ड हाताला लागत नाहीत. पण त्यांची सत्ता मोठी. दहावी-बारावीची परीक्षा ‘बोर्ड’ घेते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या विद्यार्थ्यांचे भवितव्य कोल्हापूरच्या विभागीय मंडळाच्या गुणपत्रिकेवर ठरते. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाची २००५ मध्ये स्वतंत्र कंपन्यांत विभागणी झाली. तरी खेड्यात वायरमन आला की अजूनही ‘बोर्डाची माणसं आली’ असेच म्हणतात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येण्यापूर्वी ग्रामीण भागाचा कारभार लोकल बोर्डाकडे आणि प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाकडे असत. म्हणून जुनी माणसे ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा मास्तर’ असे बोलत.

आणि तिसरा प्रकार म्हणजे आपले ‘बोर्डिंग’. लाकडाची फळी, सत्ता चालवणारे मंडळ आणि मुलांना ठेवून घेणारे घर, या तिन्हींचा परस्परांशी संबंध काय?

फळीपासून जेवणापर्यंत

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगीन इंग्लंडच्या घरांत आजच्यासारखी कायमची टेबले सर्रास नसत. जेवणाच्या वेळी लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकीत, त्यांवर अन्न वाढीत आणि जेवण आटोपले की फळ्या उचलून भिंतीला लावून ठेवीत. त्यामुळे ‘फळी’ या शब्दालाच ‘जेवणाचे टेबल’ असा अर्थ आला. पेले ठेवण्याची फळी ती ‘कपबोर्ड’. आपण कपाटाला कपबोर्ड म्हणतो तो हाच शब्द.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. ज्या फळीवर जेवण मांडायचे तिचे नाव जेवणालाच मिळाले. ‘बोर्ड’ म्हणजे रोजचे जेवण आणि ‘बोर्डर’ म्हणजे नियमित जेवणारा. शहरांतील जुन्या हॉटेलांवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ अशी पाटी आपण पाहतो. त्यातील ‘लॉजिंग’ म्हणजे राहणे आणि ‘बोर्डिंग’ म्हणजे जेवणे. मला स्वतःला हे वाचून आश्चर्य वाटले. आपण बोर्डिंग म्हणजे राहण्याची जागा समजत आलो. पण शब्दाच्या पोटात आहे ते छप्पर नव्हे, अन्न आहे.

टेबलाचा दुसरा उपयोग विचारविनिमयाचा. त्याच फळीभोवती बसून जे लोक निर्णय घेत, त्यांच्या समूहालाही ‘बोर्ड’ म्हणू लागले. शाळांचे बोर्ड, विजेचे बोर्ड, बँकेचे संचालक मंडळ ही सारी या शाखेची फळे. पत्ते खेळताना ज्याचे हात टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे असत, त्याचा व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’, म्हणजे स्वच्छ मानला जाई. जहाजाच्या फळ्यांनी बनलेल्या बाजूलाही ‘बोर्ड’ म्हणत. म्हणून जहाजात चढणे ते ‘बोर्डिंग’, आणि आज विमानतळावर मिळतो तो ‘बोर्डिंग पास’.

म्हणजे क्रम असा झाला : फळी, फळीचे टेबल, टेबलावरचे जेवण, टेबलाभोवतीची माणसे आणि त्या माणसांचा अधिकार. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या क्रमात आपल्या समाजाची वाटचाल दिसते. ज्याला फळीजवळ बसू दिले नाही, त्याला मंडळातही बसू दिले गेले नाही. ज्याला बसायला मिळाले, तो पुढे निर्णय घेणाऱ्यांत जाऊन बसला.

पाट, गोणपाट आणि पाटी

मराठीनेही आपल्या फळीचे संसार मांडले आहेत. फळीपासून फळा झाला. इंग्रजांनी फळी ताटाखाली घातली. आपण ती बसणाऱ्याच्या खाली घातली आणि तिला पाट म्हटले. पाट मांडला, रांगोळी घातली, पंगत बसली. परंतु पंगतीत कोणी बसायचे, कोणी कोठे बसायचे आणि कोणी पंगत उठेपर्यंत दूर थांबायचे, हे जातीने ठरवून ठेवले होते. गावच्या पंगतीत आपल्या आज्या-पणज्यांसाठी पाट कधीच मांडला गेला नाही.

साताऱ्याच्या शाळेत बालवयातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी ते घरून गोणपाटाचा तुकडा नेत आणि शाळा सुटल्यावर तो परत घरी आणीत; कारण शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावीत नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. गुरुजींनी भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. मुलांनी आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवले होते. भीमराव पोहोचण्यापूर्वी डबे उचलण्यासाठी मुले धावली.

हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे; पण ‘बोर्ड’ शब्दाचा अर्थ कळल्यानंतर तो मला वेगळाच दिसू लागला. फळ्याच्या पुढच्या बाजूस विद्या होती आणि मागच्या बाजूस अन्न होते. एका अस्पृश्य मुलाने फळ्यापर्यंत येणे म्हणजे दोन्हींपर्यंत येणे होते. गलका झाला तो त्यामुळे.

आपल्या भाषेत आणखी एक शब्द आहे, पाटी. दुकानाची पाटी, लिहिण्याची पाटी आणि मातीची पाटी. माझी आई रोजगार हमीच्या कामावर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाही. त्या मजुरीतून तिने मला लिहिण्याची पाटी घेऊन दिली. शब्द एकच, पण डोक्यावरच्या पाटीपासून हातातल्या पाटीपर्यंत यायला आमच्या घराला किती पिढ्या लागल्या, हे मोजायला गेले तर हिशेब लागत नाही.

कोल्हापूरची बोर्डिंगे

‘बोर्डिंग’ हा शब्द महाराष्ट्रात कोल्हापूरइतका क्वचितच कोठे मुरला असेल. या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते राजर्षी छत्रपती शाहू महाराजांमुळे. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या यांवर एकाच वर्गाचे वर्चस्व होते. खेड्यातील बहुजन मुलाला शिकायचे झाले तरी शहरात त्याने जेवावे कोठे, हा पहिला प्रश्न होता. शहरातील खानावळी आणि पंगती जातीने बांधलेल्या होत्या. १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करून पाहिले, पण प्रत्यक्षात त्याचा लाभ एकाच वर्गाला मिळाला. तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली.

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत विद्यार्थ्यांचे वसतिगृह अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. आजही दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याजवळ उभे राहिले की यांतील काही इमारती नजरेच्या टप्प्यात येतात. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या जागांवर बसण्यासाठी शिकलेली मुले हवीत आणि मुले शिकण्यासाठी आधी दोन वेळचे जेवण हवे, हा विचार त्या जाहीरनाम्याच्याही आधी बोर्डिंगांच्या रूपाने सुरू झाला होता.

येथे एक प्रश्न चिकित्सक वाचक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. ही बोर्डिंगे जातवार का? जात मोडायची तर प्रत्येक जातीचे वेगळे बोर्डिंग कसे? माझ्या मते याचे उत्तर त्या काळाच्या पंगतीत आहे. सर्वांना एका पंगतीला बसवू गेले असते तर पंगतच उठून गेली असती आणि सर्वांत आधी उपाशी राहिला असता तो आपला मुलगा. महाराजांनी आधी प्रत्येकाचे पान मांडले. पण ते तेथेच थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे यांना त्यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढायला साहाय्य केले आणि तेथे थांबून, सर्वांदेखत चहा घेतला. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. जातवार बोर्डिंग ही जिन्याची पहिली पायरी होती. तिला माडी समजणे ही आपली चूक ठरेल.

एकाच पंगतीकडे

त्या जिन्यावरची पुढची पायरी कोल्हापूर जिल्ह्यातीलच कुंभोज या गावी जन्मलेल्या एका मुलाने घातली. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. एका बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या त्या मुलाने पुढे शेकडो मुलांसाठी बोर्डिंग काढले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. त्याला शाहू महाराजांचेच नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले.

‘बोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे सर्वांसाठी मांडलेली एक फळी, येथे प्रथम पूर्णपणे उतरला असे मला वाटते.

बाबासाहेबांना या प्रश्नाची धग स्वतः भोगावी लागली होती. १९१७ मध्ये परदेशातून उच्च विद्या घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा संपूर्ण शहरात त्यांना कोणी राहायला-जेवायला जागा देईना. नाइलाजाने पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हाकलले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये पैसे दिले की जेवण व निवारा मिळत होता. स्वदेशात पदवी, पगार, पैसा असूनही तो मिळाला नाही. अशा माणसाने सार्वजनिक कार्याचा आरंभ कशाने करावा? त्यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगोलग १९२५ मध्ये सभेच्या वतीने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी झाला. आधी मुलांचे बोर्डिंग, मग पाण्याचा संगर, हा क्रम आपण विसरू नये.

आणि शब्दाचा शेवटचा अर्थही त्यांनी सिद्ध केला. वर्गात गोणपाटावर बसवलेला तो मुलगा २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या संविधान मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ज्या टेबलाभोवती देशाचे भवितव्य लिहिले गेले, त्या टेबलाच्या प्रमुखपदी तो बसला. आज ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे ग्रामपंचायतीत आपल्या भगिनी राखीव जागांवर बसतात. बोर्डाला मराठीत आपण ‘मंडळ’ म्हणतो. मंडळ म्हणजे वर्तुळ. वर्तुळाला वरची बाजू नसते, खालची नसते. मात्र त्याच्या आत जागा मिळवावी लागते आणि आत गेल्यावर आपले हात टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवावे लागतात, हेही आपल्या प्रतिनिधींनी ध्यानात ठेवावे.

एक शब्द, दोन वागणुकी

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. कारण ते माझ्याविषयी आहे.

सातवीनंतर मी बोर्डिंगात राहून शिकले. जेवण साधे असे. भाकरी, आमटी आणि क्वचित गोडधोड. पण पंगतीत माझ्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसले आहे याची कोणी चौकशी करीत नसे. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मैत्रिणींनी विचारले, “तू शाळेत असताना कुठं राहायचीस?” मी म्हणाले, “नातेवाइकांकडे.” पदवी मिळेपर्यंत मी हे खोटे निभावले. ‘बोर्डिंगची पोर’ हे शब्द मी इतरांविषयी ज्या स्वरात उच्चारलेले ऐकले होते, तो स्वर मला माझ्यासाठी नको होता.

आजही तो स्वर गेलेला नाही. गरिबाच्या मुलाविषयी लोक म्हणतात, ‘बोर्डिंगला टाकलाय.’ श्रीमंताच्या मुलाविषयी तेच लोक म्हणतात, ‘पाचगणीला बोर्डिंग स्कूलला आहे.’ शब्द तोच. एकीकडे कीव आणि दुसरीकडे प्रतिष्ठा. आपले काही माजी विद्यार्थी चांगल्या हुद्द्यावर पोहोचल्यानंतर शाळेचे नाव सांगतात, पण ‘निवासी’ हा शब्द गाळतात. मी त्यांना दोष देत नाही. मी तेच केले होते. मात्र आपण जेव्हा ही लाज बाळगतो, तेव्हा कळत नकळत त्या गलका करणाऱ्या वर्गाचे म्हणणे मान्य करतो. समाजाने मांडलेल्या पंगतीत जेवून शिकणे यात लाज कसली? लाज वाटायची असेल तर ती, ज्यांनी ताट बाजूला ओढून घेतले त्यांना वाटावी.

आपल्या शाळेच्या भोजनकक्षात टेबले नाहीत. मुले त्रिसरण-पंचशील म्हणून जमिनीवर पंगतीने बसतात आणि शिक्षकही त्याच पंगतीत बसतात. ‘बोर्ड’ म्हणावी अशी एकही फळी तेथे नाही, तरी त्या शब्दाचा खरा अर्थ मला तेथेच रोज भेटतो. दोन वर्षांपूर्वी परदेशी शिकायला निघालेल्या एका माजी विद्यार्थिनीने विमानतळावरून मला तिच्या बोर्डिंग पासचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले होते, “बाई, एका बोर्डिंगातून दुसऱ्या बोर्डिंगकडे.” तिने गंमत केली होती. शब्दकोश पाहिल्यावर मला कळले की ती अक्षरशः खरे बोलली होती.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. १४ एप्रिलला किंवा जमेल त्या दिवशी शाळेत या. भाषण, सत्कार, देणगी हे सर्व होईलच. पण त्या दिवशी पाहुण्यांच्या वेगळ्या खोलीत जेवू नका. मुलांच्या पंगतीत बसा आणि शेजारच्या मुलाला सांगा, ‘मीही याच बोर्डिंगात जेवलोय.’ त्या एका वाक्याने त्याला जे मिळेल ते आम्हा शिक्षकांना वर्षभर शिकवूनही देता येत नाही.

बसस्थानकावर शेवटी गारगोटीची गाडी लागली. नातीने बोर्ड वाचला आणि आजीला हात धरून वर चढवले. गाडी सुटण्यापूर्वी मी माउलीला आपल्या शाळेचा पत्ता आणि प्रवेशाची माहिती लिहून दिली. तिने तो कागद नातीच्या हातात दिला आणि म्हणाली, “वाच.” नातीने तो मोठ्याने वाचून दाखवला.

जय भीम.